बुटात न मावणारी क्रियापदं

भाषा कशा शिकवल्या जातात हे आपण या मालिकेत तपासतो आहोत. आजचा विषय तसा चिमूटभर आहे. स्पॅनिशमध्ये काही क्रियापदं अशी आहेत की ती चालवताना त्यांच्या मुळातलाच स्वर बदलतो. ‘पोदेर’ म्हणजे शकणे. पण ‘मी शकतो’ हे ‘पोदो’ होत नाही, ‘पुएदो’ होतं. आणि ‘आम्ही शकतो’ म्हणायला जावं तर गेलेला ओ परत हजर: ‘पोदेमोस’. ‘केरेर’ म्हणजे हवं असणे. ‘मला हवंय’ हे ‘किएरो’, ‘आम्हाला हवंय’ हे ‘केरेमोस’. हा धडा सुरुवातीच्या काही महिन्यांतच येतो, आणि आम्ही पाहिलं आहे की वर्गातली गळतीही साधारण तिथूनच सुरू होते.

परवा आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. परीक्षेत उत्तम गुण, तक्ते तोंडपाठ. आता तिला कामावर दिवसभर फोनवर स्पॅनिश बोलावं लागतं. ती म्हणाली, “पलीकडचा माणूस बोलतो ते सगळं कळतं हो. पण मला ‘आम्ही करू शकतो’ म्हणायचं असलं की आधी डोळ्यांसमोर तुमचा तो बूट येतो. मग नोसोत्रोस बुटाच्या आत की बाहेर हे आठवायचं. तेवढ्यात पलीकडून ‘हॅलो? हॅलो?’ सुरू होतं.”

‘तुमचा बूट’ म्हणाली ती. खरंच आमचाच. आम्ही शिकवणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं फळ्यावर काढला आहे. तेव्हा आजची टीका दुसऱ्या कुणावर आहे असं समजू नका.

ज्यांनी स्पॅनिश शिकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रियापदाचा तक्ता दोन स्तंभांत मांडतात. डावीकडे एकवचन: यो म्हणजे मी, तू म्हणजे तू, एल म्हणजे तो. उजवीकडे अनेकवचन: नोसोत्रोस म्हणजे आम्ही, बोसोत्रोस म्हणजे तुम्ही, एय्योस म्हणजे ते. आता ‘पोदेर’ भरा. डावीकडे पुएदो, पुएदेस, पुएदे. उजवीकडे पोदेमोस, पोदेइस, पुएदेन. स्वर बदललेले चार खण एका रेघेने वेढले की आकार होतो बुटाचा: डावीकडची तीन घरं ही नळी आणि उजवीकडचं तळचं घर हा पंजा. अमेरिकेतल्या शाळांमध्ये या क्रियापदांना सरळ ‘बूट क्रियापदं’च म्हणतात. तिथून ते चित्र इंटरनेटवर आलं, आणि तिथून आमच्या फळ्यावर.

चित्र गमतीशीर आहे, एकदा पाहिलं की विसरत नाही. गोम इथेच आहे. लक्षात राहतो तो बूट. भाषेचं काहीच लक्षात राहत नाही, कारण बूट हा भाषेत नाहीच आहे. तो कागदावर आहे. तोच तक्ता एकाखाली एक सहा ओळींत लिहा, बूट गायब. कुठल्याही स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधीही बूट नव्हता.

मग आहे काय? आहे आघात. शब्द उच्चारताना एका अक्षरावर जोर पडतो तो. पुन्हा म्हणून बघा, यावेळी मोठ्याने, आणि जोर पडेल तिथे टाळी द्या. ‘पुएदो’ – टाळी ‘पुए’वर. ‘पुएदेन’ – पुन्हा ‘पुए’वर. आता ‘पोदेमोस’ – टाळी ‘दे’वर सरकली. ‘पोदेइस’ – तीही ‘देइस’वर. जोर मुळातल्या स्वरावर पडला की तो स्वर फुटतो: ओचा उए होतो, एचा इए होतो. जोर पुढे प्रत्ययावर सरकला की मूळचा साधा स्वर शाबूत राहतो. बास. बुटाच्या आत-बाहेर जे काही चाललंय ते एवढंच.

आणि हे क्रियापदांपुरतं नाही. सगळी भाषा असंच वागते. ‘पुएर्ता’ म्हणजे दार, दारवान मात्र ‘पोर्तेरो’. ‘तिएर्रा’ म्हणजे जमीन, जमिनीचा तुकडा ‘तेर्रेनो’. ‘सिएते’ सात, ‘सेतेन्ता’ सत्तर. ‘नुएबे’ नऊ, ‘नोबेन्ता’ नव्वद. ‘बिएहो’ म्हातारा, म्हातारपण ‘बेहेस’. आपण व्हेनेझुएला म्हणतो तो देश त्यांच्या तोंडी ‘बेनेसुएला’, आणि तिथला माणूस ‘बेनेसोलानो’. विद्यार्थी सात आणि सत्तर पहिल्याच आठवड्यात शिकतो. सिएते-सेतेन्ता ही जोडी त्याच्या तोंडात बसलेली असते. दोन महिन्यांनी त्याच घराण्यातलं पुएदो-पोदेमोस येतं, तेव्हा आम्ही त्याला म्हणतो, “हं, आता ही अनियमित क्रियापदं, ही पाठ करावी लागतील.” ओळखीच्या माणसाची परका म्हणून ओळख करून देण्यासारखं आहे हे.

हे झालं कसं तेही थोडक्यात सांगायला हवं. लॅटिनमध्ये स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ पाळलं जायचं. पुढे बोलीभाषेत ते सुटलं, पण ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांचे उच्चार मोकळे, उघडे राहिले. हे उघडे स्वर जोराच्या जागी आले की कास्तिया प्रांताच्या बोलीत त्यांचे इए आणि उए झाले. लॅटिन ‘पोर्ता’चं ‘पुएर्ता’ झालं ते असं. शेजारच्या पोर्तुगीजमध्ये हे घडलं नाही, तिथे दार अजून ‘पोर्ता’च आहे आणि जमीन ‘तेर्रा’च. ज्यांच्या घरी गोव्याची पोर्तुगीज ऐकलेली वडीलधारी मंडळी असतील त्यांना हा फरक आयता सापडेल. उलट ‘देबेर’ म्हणजे लागणे-देणे असणे आणि ‘बेबेर’ म्हणजे पिणे यांत लॅटिनला अनुक्रमे दीर्घ ए आणि ऱ्हस्व इ होता. त्या दोन्हींचा पुढे बंद ए झाला आणि तो फुटला नाही. म्हणून ‘देबो’, ‘बेबो’, सगळं सरळ. स्वर कुठून आला यावर त्याचं नशीब ठरलं.

आता यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. काहीच नाही. आमची तक्रार तीच आहे. आंद्रेस बेयो, हा काराकासला जन्मलेला, म्हणजे बेनेसोलानोच, याने १८४७ साली चिलीत स्पॅनिशचं व्याकरण छापलं, खास अमेरिका खंडातल्या लोकांसाठी. त्यात त्याने अनियमित क्रियापदांचे गट पाडून त्यांच्यातही शिस्त असते हे दाखवलं. १९०४ साली रामोन मेनेंदेस पिदाल यांनी स्पॅनिशच्या ऐतिहासिक व्याकरणाची पाठ्यपुस्तिका लिहिली, त्यात हे सगळे ध्वनिबदल रीतसर मांडलेले आहेत. शंभर वर्षांहून जुनं ज्ञान, आणि आम्ही त्याऐवजी बुटाचं चित्र वाटत बसलो.

कुणी म्हणेल, चित्र असो की नियम, उत्तर तर तेच येतं ना? नाही येत. बुएनोस आइरेसला जाऊन बघा. अर्जेंटिनात मित्राशी बोलताना ‘तू’ म्हणत नाहीत, ‘बोस’ म्हणतात. आणि ‘बोस’चं रूप काय? ‘पोदेस’, जोर ‘देस’वर. ‘केरेस’, जोर ‘रेस’वर. ‘पेन्सास’, जोर ‘सास’वर. म्हणजे तक्त्यातलं दुसरं घर बुटातून निसटलं, नळीलाच भोक पडलं. बूट शिकलेला विद्यार्थी इथे म्हणतो, “अर्जेंटिनाचं स्पॅनिश विचित्र आहे बुवा, अपवाद आहे.” टाळी शिकलेल्याला काही नवीन शिकावंच लागत नाही. जोर पुढे गेला, स्वर फुटला नाही. नियम तोच.

याच्या उलटं उदाहरण मेक्सिकोकडचं. ‘आम्ही करू शकावं’ अशा अर्थाचं प्रमाण रूप ‘पोदामोस’, जोर ‘दा’वर. पण खेड्यापाड्यांत, साध्या बोलण्यात बरेच जण जोर मागे मुळावर आणतात, आणि त्याच क्षणी ते रूप ‘पुएदामोस’ होतं, जोर ‘पुए’वर. शुद्धलेखनवाले नाक मुरडतात. आम्हाला मात्र हे रूप फार आवडतं, कारण ज्यांनी व्याकरणाचं पुस्तक उघडलेलं नाही त्यांच्या तोंडात हा नियम जिवंत आहे याचा तो पुरावा आहे. आमचा विद्यार्थी जेव्हा ‘पुएदेमोस’ म्हणतो तेव्हा तो उए तर काढतो, पण जोर ‘दे’वरच ठेवतो. मेक्सिकोतल्या शेतकऱ्याची चूक नियमातून आली, आमच्या विद्यार्थ्याची तक्त्यातून. गुण कापताना आम्ही दोघांना एकाच मापाने मोजतो.

इथे मराठी कानाची अडचण सांगायला हवी. मराठीत आघात असतो, पण त्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. म्हणून आपल्या कानाला त्याची फिकीर नाही. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं तर ‘मी बोलतो’, शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. माणूसही बदलला, काळही बदलला. आमचे विद्यार्थी दोन्ही सारखंच, सपाट म्हणतात आणि समोरचा गोंधळतो. लिहिताना ते बरोबर लिहितात, कारण लिहिताना वर रेघ असते. म्हणजे जोर ऐकायला आणि द्यायला शिकवणं हे मराठी विद्यार्थ्यासाठी तसंही पहिल्या दिवसाचं काम आहे. ते आम्ही टाळतो आणि बुटाचं चित्र देतो, कारण चित्र सपाट उच्चारातही चालतं. बुटाचा खरा तोटा हा आहे. तो कान बंद ठेवण्याची सोय करून देतो.

खरं म्हणजे आपल्याला हे सगळं इतकं परकं वाटायचं कारण नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी आठवावं: एमि, एषि, एति, आणि अनेकवचनात इमः. एकवचनात ए, अनेकवचनात नुसती इ. वैदिक स्वर बघितले तर ‘एति’मध्ये उदात्त मुळावर आहे आणि ‘इमः’मध्ये तो प्रत्ययावर गेला आहे. कारणं वेगळी, काळ वेगळा, स्पॅनिशशी याचं थेट नातं जोडायला जाऊ नका. पण जोर सरकला की मुळाचं रूप बदलतं ही चाल आपल्या ओळखीची आहे. आणि मराठीत जोराचा प्रश्न नसला तरी प्रत्यय लागला की मूळ हलतंच की. माणूस, माणसाला. देऊळ, देवळात. बेडूक, बेडकाला. फूल, फुलाला. यांना आपण कधी अनियमित नामं म्हटलं का? पोराला कधी ‘देऊळ’चा बूट काढून दाखवला का? (फलकांवर ‘फूलाला’ लिहिणारे आहेत, पण म्हणताना त्यांचंही बरोबरच येतं.)

आता ‘पेदीर’कडे येतो, म्हणजे मागणे. या तिसऱ्या गटात, ‘ईर’ने संपणाऱ्या क्रियापदांत, गोष्ट जरा वेगळी आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी सर्वांत जास्त नासधूस इथे केली आहे. वर्तमानकाळाच्या धड्यात सांगतात, ‘पीदो’मध्ये एची इ होते, बूट. पाच धड्यांनंतर भूतकाळात सांगतात, फक्त ‘पिदिओ’ आणि ‘पिदिएरोन’ या तळाच्या दोन घरांत होते. काही वर्गांत याला सँडल म्हणतात, देवाशपथ. मग ‘पिदिएन्दो’ची वेगळी यादी. मग आज्ञा-इच्छेच्या रूपांत ‘पिदामोस’, तिथे आम्हीचं घरसुद्धा बदलतं, त्याला कुठलं पादत्राण म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

आता सगळी रूपं एकत्र ठेवून फक्त पुढच्या अक्षरातला मुख्य स्वर बघा. पेदीर, पेदीमोस, पेदीआ, पेदिस्ते, पेदिरे, पेदीदो: पुढे इ किंवा ई आहे, मुळात ए राहिला. पीदो, पीदेस, पिदिओ, पिदिएन्दो, पिदामोस: पुढच्या अक्षराचा मुख्य स्वर ओ, ए किंवा आ आहे (पिदिओमधली इ ही ‘द्यो’सारखी अर्धी, तिला मोजायचं नाही), मुळात इ आली. शेजारी-शेजारी दोन इ नकोत, एवढाच हट्ट. चार धड्यांचं काम एका वाक्यात. ‘दोर्मीर’ म्हणजे झोपणे हेही तसंच. जोर मुळावर असला तर ‘दुएर्मो’, ते आपण बघितलंच. जोर नसला आणि पुढे इ असली तर ओ: दोर्मीमोस, दोर्मीआ. नसली तर उ: दुर्मिओ, दुर्मिएन्दो, दुर्मामोस. ‘सेन्तीर’ म्हणजे वाटणे, त्याचं सिएन्तो, सेन्तीमोस, सिन्तिओ. बसवून बघा, बसतं.

बुटाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, आणि आम्ही तो टाळणार नाही. आघात सांगतो स्वर *कुठे* फुटेल. *कोणत्या* क्रियापदात फुटेल हे तो सांगत नाही. ‘कोन्तार’ म्हणजे सांगणे, मोजणे, त्याचं ‘कुएन्तो’. मग ‘मोन्तार’ म्हणजे स्वार होणे, त्याचं ‘मुएन्तो’? नाही, ‘मोन्तो’. ‘एन्तेन्देर’ समजणे, ‘एन्तिएन्दो’. पण ‘प्रेतेन्देर’ला ‘प्रेतेन्दो’. ‘कोन्फेसार’ला ‘कोन्फिएसो’, ‘प्रोफेसार’ला ‘प्रोफेसो’. नुसत्या मूळ रूपावरून ओळखायला मार्ग नाही.

पण ओळखायचं नामावरून. ‘सुएन्यो’ म्हणजे झोप, स्वप्न; म्हणून सोन्यारचं ‘सुएन्यो’. ‘आल्मुएर्सो’ म्हणजे दुपारचं जेवण, आल्मोर्सारचं ‘आल्मुएर्सो’. ‘हुएगो’ खेळ, ‘बुएलो’ उड्डाण, ‘रेकुएर्दो’ आठवण, ‘कुएन्तो’ गोष्ट: ही नामं ‘मी’च्या रूपाशी हुबेहूब सारखी आहेत. ‘गोबिएर्नो’ म्हणजे सरकार, तेही तसंच. ‘निएबे’ म्हणजे बर्फ, आणि बर्फ पडतो म्हणायचं तर नेबार नव्हे, ‘निएबा’. नामात जोर त्या स्वरावरच असतो, म्हणून तो तिथे फुटलेला आयता दिसतो. दुपारचं जेवण आणि खेळ हे शब्द कुणाला पाठ करायला सांगावे लागत नाहीत. सगळीकडे हे चालत नाही, हेही सांगतो: ‘रेस्पुएस्ता’ म्हणजे उत्तर, तरी उत्तर देतो म्हणजे ‘रेस्पोन्दो’. जिथे नाम दगा देतं किंवा मिळतच नाही तिथे क्रियापद जोडीने शिकायचं, एकट्याने नाही. वहीत ‘पेन्सार’ लिहू नका, ‘पेन्सार-पिएन्सो’ लिहा. चांगले कोशही या क्रियापदांपुढे खूण करतातच.

काही ठिकाणी भाषेनेच गडबड मिटवली आहे. ‘एन्त्रेगार’ म्हणजे सुपूर्द करणे, त्याचं जुनं रूप ‘एन्त्रिएगो’ होतं, आज ‘एन्त्रेगो’. लोकांनी हळूहळू सरळ करून टाकलं. उलट ‘हुगार’मध्ये पूर्वी ओ होता, म्हणून हुएगो हे अगदी नियमात होतं. पुढे जोर नसलेल्या जागी ओचा उ झाला आणि बिचारं एकटं पडलं. आता प्रत्येक पुस्तकात त्याच्यासाठी स्वतंत्र चौकट असते, ‘उचा उए होणारं एकमेव क्रियापद’ म्हणून. वर्गात सर्वांत आधी शिकवतात तेच, कारण सगळ्यांना फुटबॉल खेळायचा असतो.

मघाशी पाठीमागून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: मग परीक्षेत तक्ता विचारला तर काय लिहायचं? तक्ताच लिहायचा. परीक्षा आमच्या हातात नाही, आणि तक्त्याशी आमचं वैरही नाही. फक्त तो लिहिण्याआधी तोंडाने म्हणा, टाळी देत म्हणा, आणि दुसऱ्या घरानंतर अर्जेंटिनाचं ‘बोस पोदेस’ही मध्येच म्हणून घ्या. आमची ती जुनी विद्यार्थिनी सध्या गाडी चालवताना एकटीच हे करते म्हणे. सिग्नलला शेजारचे बघतात. ‘नोसोत्रोस पोदेमोस’ अजून कधी कधी अडकतं, पण आता ‘पोदे…’पर्यंत ती न थांबता पोचते.